बाग विकायला निघालीय, आता काय? (वकीलकाकांना विचारा)

या वेळी पत्रं उघडली तर वारस नोंद आणि भाडेकरू सोडून सगळी बागांचीच. सांगलीतून, मिरजेतून, सातारा बाजूने पण. म्हणून हा अंक बागेलाच दिलाय, बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा. बहुतेकांनी नावं छापू नका म्हणून लिहिलंय, त्यामुळे कुणाचीच नावं नाहीत, आणि पत्रं जागेअभावी थोडी छाटलीत.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग बाजूला राहतो. कॉलनी ८५-८६ सालची असेल, मध्ये एक छोटी बाग आहे, बाग म्हणजे काय, दोन कडुलिंब, एक बकुळ, एक घसरगुंडी जिचा खालचा पत्रा गंजून गेलाय आणि चार सिमेंटचे बाक "यांच्या स्मरणार्थ" वाले. सकाळी म्हातारी माणसं, संध्याकाळी पोरं, एवढंच. गेल्या आठवड्यात पेपरात जाहीर नोटीस आली की "सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याचे सांगून आमचे अशिलास विकण्याचे ठरविले आहे, कोणाचा हक्क हितसंबंध असल्यास १४ दिवसांत कळवावे". सर्व्हे नंबर बघितला तर आमचीच बाग! ज्यांनी प्लॉट पाडले ते गृहस्थ वारले, मुलांनी सातबाऱ्याला नावं लावून घेतलीत आणि म्हणतात सातबारा आमचा, तुमचा काय संबंध. ग्रुपवर नुसता गोंधळ आहे, कोण म्हणतंय मोर्चा काढू, कोण म्हणतंय आमदारांना भेटू, कोण म्हणतंय वर्गणी काढून आपणच घेऊन टाकू. आधी काय करायचं?

उत्तर : ताई, वर्गणीचा विषय आधी बंद करा. बागेचे पैसे तुम्ही, किंवा तुमच्या सासऱ्यांनी म्हणा, प्लॉट घेतला तेव्हाच मोजलेत. प्लॉट पाडणारा माणूस रस्त्याची आणि ओपन स्पेसची जागा धरूनच प्लॉटचा भाव लावतो, धर्मादाय म्हणून कोणी सोडत नाही. तीच जागा दुसऱ्यांदा विकत घ्यायची म्हणजे कमालच.

आता मुद्दा असा की ही जागा ओपन स्पेसच आहे हे सांगणारा कागद तुमच्याकडे आहे का. पत्रात तुम्ही सातबाऱ्याचं लिहिलंय, जाहीर नोटिसीचं लिहिलंय, पण मंजूर ले-आउटचा, म्हणजे प्लॉट पाडतानाच्या सरकारी मंजुरीच्या नकाशाचा, उल्लेखच नाही आणि सगळा खेळ त्याच एका कागदावर आहे. तो कागद कसा दिसतो ते सांगतो, कारण अर्ध्या लोकांनी तो बघितलेला नसतो. जुना ले-आउट म्हणजे निळ्या रेघांचा मोठा प्रिंट, घड्यांवर फाटलेला, कोपऱ्यात एक तक्ता असतो त्यात एकूण क्षेत्र, रस्त्याखालचं क्षेत्र, खुली जागा आणि निव्वळ प्लॉटचं क्षेत्र असं ओळीने लिहिलेलं असतं. खुली जागा बहुतेक वेळा हिरव्या रंगाने नाहीतर तिरप्या रेघा मारून दाखवतात, आणि खाली गोल शिक्का, मंजुरीचा नंबर, तारीख, साहेबांची सही. त्या तक्त्यात तुमच्या बागेचे चौरस मीटर आणि खाली तो शिक्का, एवढं दिसलं की निम्मी लढाई झाली समजा.

मिळणार कुठे? आधी घराघरात शोधा. ज्यांनी घरासाठी बँकेचं कर्ज काढलेलं त्यांच्या फायलीत झेरॉक्स हमखास असते, बँका ले-आउटशिवाय कर्ज देत नव्हत्या. खरेदीखतात पण बघा, प्लॉटच्या चतुःसीमेत "पूर्वेस ओपन स्पेस" असं लिहिलेलं असेल तर तेही सोन्यासारखं, कारण ते त्याच मालकाने सही करून दिलेलं आहे आणि आज त्याचीच मुलं म्हणतायत ओपन स्पेस कसली. एका खरेदीखतावर थांबू नका, बागेला लागून जेवढे प्लॉट आहेत त्या सगळ्यांची काढा. मग महापालिकेच्या नगररचना विभागात सही-शिक्क्याची नक्कल मागा. एक लक्षात घ्या, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली १९९८ ला, तुमची कॉलनी त्याच्या आधीची, त्यामुळे जुना बिनशेती आदेश महसूलच्या रेकॉर्डला असणार, आणि सांगली शहर तालुक्याच्या हिशेबाने मिरजेत येतं, तेव्हा मिरजेला पण चक्कर मारायला लागेल. बिनशेती आदेशातल्या अटी शेवटच्या पानावर असतात आणि तिथेच खुली जागा कशासाठी ठेवायची ते लिहिलेलं असतं, म्हणून पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊन परत येऊ नका.

नक्कल देत नसतील तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. अर्जात "बाग का विकली जात आहे", "जबाबदार कोण" असले प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत आणि तेच कारण सांगून अर्ज निकाली काढतात. अमुक सर्व्हे नंबरचा मंजूर अभिन्यास (म्हणजे ले-आउट) नकाशा, बिनशेती आदेश, खुल्या जागेची ताबा पावती असल्यास ती, आणि नंतर काही सुधारित ले-आउट मंजूर झाला असल्यास तो, एवढंच मागा. आणि "अभिलेख प्रत्यक्ष पाहायचे आहेत" हे वाक्य घाला, फाइल समोर बसून चाळली की न मागितलेलं पण बरंच सापडतं. शेवटचा जो सुधारित ले-आउट म्हणालो तो मुद्दाम मागा बरं का, कारण काही ठिकाणी बाग विकायच्या आधी कागदावर ती उचलून ओढ्याकडेच्या खड्ड्यात नेऊन ठेवलेली असते, तुम्हाला पत्ताच नाही.

आता सातबारा त्यांचा कसा. ही गोष्ट एवढी सर्रास आहे की मला नवल वाटत नाही. ले-आउट मंजूर होतो, प्लॉट विकले जातात, प्रत्येक प्लॉटचा उतारा वेगळा होतो, आणि रस्ते नि ओपन स्पेसचं क्षेत्र मूळ मालकाच्याच नावावर पडून राहतं कारण ते कुणी कुणाच्या नावावर करायला जातच नाही. प्लॉटधारकांची सोसायटी झालेली नसते, झाली तर तिने हस्तांतरण करून घेतलेलं नसतं. मग तीस-चाळीस वर्षांनी मालक वारतो, मुलं वारस नोंद लावतात, उताऱ्यावर अचानक १५-१६ गुंठे दिसतात, आणि विश्रामबागेत १५ गुंठे म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. मुलांना खरंच वाटत असेल की ही वडिलांची राहिलेली जमीन, सगळेच लबाड असतात असं नाही. पण सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला म्हणजेही काही होत नाही, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याकडे जातो.

आणि विकणाऱ्याकडे हक्क किती, तर १९९५ च्या निकालसंग्रहात छापलेला पंडित चेत राम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तो तुमच्या वकिलाला काढायला सांगा. त्याचा अर्थ थोडक्यात असा की ले-आउटमध्ये जागा बागेसाठी, शाळेसाठी म्हणून दाखवली की मूळ मालक नावापुरता राहतो, ती जागा तो लोकांच्या वतीने सांभाळत असतो, स्वतःची म्हणून वापरू शकत नाही. महापालिकेला पण त्यात चपराक आहे, फुकटात मालकी आमच्या नावावर करा म्हणणं कोर्टाने मान्य केलं नाही, देखरेख करा म्हटलं. शिवाय राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, डिसेंबर २०२० पासूनची, तिच्यात तर ४००० चौरस मीटरच्या वरच्या ले-आउटला १० टक्के खुली जागा, ती रहिवाशांच्या संस्थेला १ रुपया नाममात्र घेऊन द्यायची आणि दुसऱ्या कुणाला विकायची नाही, असं लिहिलंय. तुमचा ले-आउट जुना आहे त्यामुळे तुम्हाला त्या वेळची मंजुरी आणि अटी लागू, पण सरकारचं धोरण काय आहे ते दाखवायला हे कामाला येतं.

आता १४ दिवसांचं. हे सगळ्यात आधी करायचं काम आहे, मी खाली लिहिलं म्हणून खाली ठेवू नका. ज्या वकिलांनी जाहीर नोटीस दिलीय त्यांना लेखी हरकत पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचपावती ठेवून. मंजूर ले-आउट अजून हातात नसला तरी पाठवा, खरेदीखतातली "पूर्वेस ओपन स्पेस" एवढ्यावर पाठवा. जमलं तर तुमच्या बाजूनेही त्याच पेपरात उलट जाहीर नोटीस द्या, की ही जागा मंजूर ले-आउटमधली खुली जागा आहे, कोणी व्यवहार करू नये, केल्यास आमच्यावर बंधनकारक नाही. खर्च होतो चार पैसे, पण उद्या घेणारा कोर्टात उभा राहून "मला माहीतच नव्हतं, मी बिचारा प्रामाणिक खरेदीदार" म्हणतो त्याचं तोंड तिथेच बंद होतं. खरं सांगायचं तर बरेच व्यवहार इथेच मोडतात, हरकत आली म्हटल्यावर बिल्डर पण पैसे अडकवायला तयार नसतो, त्याला विश्रामबागेत दुसरी जागा मिळते.

तरी झालाच दस्त, तर तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हे लागला असेल तर नगर भूमापनला फेरफाराची हरकत, नोटीस निघाल्यापासून साधारण १५ दिवसांत. आणि मग दिवाणी दावा, कायम मनाईचा, सोबत तातडीच्या मनाईचा अर्ज. सगळ्या प्लॉटधारकांनी कोर्टात यायला नको, चौघा-पाचजणांनी सगळ्यांच्या वतीने प्रातिनिधिक दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १ रूल ८ आहे त्यासाठी. दावा लावला की त्याची लिस पेंडन्स नोटीस (या जागेवर दावा चालू आहे अशी सूचना) दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, हे महाराष्ट्रात विसरून चालत नाही, आपल्याकडे ती नोंदवली नसेल तर दावा चालू असताना झालेली विक्री अडवायला त्रास होतो. महापालिकाच हात वर करत असेल तर रिट हायकोर्टात, आणि त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-सातारा दोन्ही त्यात येतात. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

मोर्चाला माझा विरोध नाही, पण मोर्चा कागद हातात आल्यावर काढा. नाहीतर पेपरात फोटो येतो, साहेब निवेदन घेतात, "चौकशी करून कार्यवाही करू" म्हणतात आणि तिकडे १४ दिवस संपतात. निवेदन देताना पण पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्का नि तारखेची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे दिलेल्या अर्जाचा पाठपुरावा त्या मानाने बरा होतो.

आणि रात्रीत पत्र्याचं कंपाउंड मारायला आले तर ते तोडायला जाऊ नका, तुमच्यावरच गुन्हा. ११२ ला फोन, व्हिडिओ, अतिक्रमण विभागाला लेखी. झाडाला हात लावला तर वेगळा कायदा, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५, परवानगीशिवाय शहरात झाड तोडता येत नाही, खाजगी जागेतलं सुद्धा. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण दिलंय. तुमचे कडुलिंब कॉलनीच्या आधी शेताच्या बांधावर असतील तर वय भरेल, जुन्या माणसांना विचारा, प्लॉट बघायला आलो तेव्हा ह्या झाडाखाली गाडी लावली होती असं सांगणारा कोणीतरी निघतोच.

शेवटचं, संस्था नोंदवा ताई. प्लॉटधारकांची. कॉलनीचा व्हॉट्सॅप ग्रुप म्हणजे लग्नाचा मांडव, जेवायला सगळे, खुर्च्या उचलायला कोणी नाही. ज्याच्या नावावर ती १ रुपयाची जागा करायची ते नावच नसेल तर पुढच्या वेळी नातवंडं विकायला निघतील.

प्रश्न : सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत राहते. आमच्या इथली नगरपरिषदेचीच बाग आहे, विकास आराखड्यात पण बाग म्हणूनच आहे. ती आता "विकसित" करायला ३० वर्षांच्या कराराने एका खाजगी पार्टीला द्यायचं घाटतंय. पुढे गाळे, मागे बाग असं चित्र दाखवतायत. विकत नाही, फक्त भाड्याने देतोय असं म्हणतायत. ठराव होणार म्हणे.

उत्तर : मॅडम, ३० वर्षं भाड्याने म्हणजे आज पाळण्यात असलेलं पोर तिशीचं होईल, ते विकल्यासारखंच आहे, फक्त ऐकायला बरं वाटतं.

नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आहे, त्यात कलम ९२. नगरपरिषदेला स्वतःची स्थावर मिळकत सरकारच्या मंजुरीशिवाय कुणाला हस्तांतरित करता येत नाही. स्वतःच्या अधिकारात जो भाडेपट्टा देता येतो तो तीन वर्षांपर्यंतचा, आणि त्यात भाडेकरूला पक्कं बांधकाम करू द्यायचं नाही. म्हणजे गाळे हा शब्द आला तिथेच गाडी अडली. ठराव झाला तर घाबरू नका, ठराव म्हणजे शेवट नाही, कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, तो जनहिताविरुद्ध किंवा बेकायदेशीर असेल तर. त्यांच्याकडे लेखी जा, ठरावाची नक्कल जोडून. (महापालिका असेल तर कायदा वेगळा, १९४९ चा, तिथे कलम ७९ आणि ४५१ बघायचं, सांगली-मिरजेच्या वाचकांनी गोंधळ करू नये.)

दुसरी बाजू आराखड्याची. आराखड्यात बाग असेल तर तिथे गाळे टाकायला आधी बागेचं आरक्षण बदलायला लागतं, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६, कलम ३७. त्यासाठी नोटीस काढायची, लोकांच्या हरकती-सूचनांना एक महिना द्यायचा, सुनावणी घ्यायची, मग शासनाची मंजुरी. ही नोटीस पेपराच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि ती वाचणारं एक माणूस तुमच्यात असलं पाहिजे, निवृत्त शिक्षक बघा, ते सगळा पेपर वाचतात. हरकत प्रत्येकाने स्वतंत्र आणि आपल्या शब्दांत द्यावी. एकच छापील मजकूर आणि खाली दोनशे सह्या हे सुनावणीत एकच हरकत म्हणून धरायला सोपं जातं.

तुम्हाला कोणी म्हटलं की नगरपरिषदेची बाग, तुम्ही कोण विचारणारे, तर १९९१ चा बंगळूरचा निकाल सांगा, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. तिथे बागेसाठी ठेवलेली जागा खाजगी नर्सिंग होमला देऊन टाकली होती, वरून आदेश आले म्हणून. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने वाटप रद्द ठरवलं आणि रहिवाशांना विचारायचा पूर्ण हक्क आहे म्हणून सांगितलं. तिथे तर हॉस्पिटल होतं, लोकांच्या कामाचं म्हणता येईल असं, तुमच्याकडे गाळे आहेत.

एक मात्र सांगतो. देखभालीसाठी बाग एखाद्या संस्थेला किंवा कंपनीला दत्तक देणं वेगळं, त्याला डोळे मिटून विरोध करू नका. नगरपरिषदेकडे माळी नाही, पाण्याला मोटर नाही, बाग उकिरडा झालेली असते आणि मग "बघा, कोणी वापरत नाही" हेच ती घालवायचं कारण होतं. कराराचा मसुदा मागा आणि त्यात चारच गोष्टी बघा, मुदत किती, बांधकाम किती, आत यायला पैसे आहेत का, आणि करार मोडायचा हक्क कुणाला. बोर्ड कितीही मोठा लावू दे त्यांचा.

प्रश्न : आमच्या घरासमोर विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असलेला प्लॉट आहे, बाग कधी झालीच नाही. मालकाने आता १२७ ची नोटीस दिलीय असं कळलं. आरक्षण उठणार का?

उत्तर : उठू शकतं, आणि जोरात उठतं. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि पालिकेने जागा घेतली नाही तर मालक त्याच नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी नोटीस देऊ शकतो, त्यानंतर २४ महिन्यांत (आधी मुदत याहून कमी होती, २०१५ ला वाढवली) ती जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं टाकली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपतं. पावलं म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, हे गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००७ साली स्पष्ट केलंय, "प्रस्ताव विचाराधीन आहे" असलं पत्र पावलात धरत नाहीत. म्हणजे घड्याळ चालू झालंय. नोटीस कोणत्या तारखेला पोचली ते माहिती अधिकारात काढा आणि बजेटच्या वेळी त्या जागेसाठी तरतूद करायला लावा. पैसे नसतील तर मोबदल्यात मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन पण जागा घेता येते, मालकाशी बोलून बघा, बरेच मालक तयार असतात. मालकाला शिव्या घालू नका हो, त्याची जमीन इतकी वर्षं अडकून पडलीय, ना विकता येत ना बांधता येत, त्याचंही काही चुकलेलं नाही. पैसा उभा करणं हे त्याचं काम नाही.

प्रश्न : काका, आमच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट आहे, मालक पुण्याला. आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे झाडं लावली, बाक ठेवले, पंधरा वर्षं झाली. आता तो विकतोय. बारा वर्षं वापरलं की आपला हक्क होतो ना?

उत्तर : नाही होत दादा. तो बारा वर्षांचा नियम सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे आणि जवळजवळ सगळ्यांना चुकीचा पाठ आहे. मालकाचा हक्क नाकारून, त्याच्या विरोधात, उघडपणे, सलग एकट्याने ताबा ठेवायला लागतो. तुम्ही तर बहुतेक त्याला फोन करून "झाडं लावू का" म्हणून विचारलं असेल, आणि तो हो म्हणाला असेल, संपलं मग. मंजूर ले-आउटमध्ये तो विक्रीचाच प्लॉट असेल आणि आरक्षण पण नसेल, तर तो विकू शकतो आणि अडवायला जाल तर तुमचाच वेळ नि पैसा जाईल. दोन गोष्टी करता येतात. घेणाऱ्याला भेटून कडेची झाडं ठेवायला सांगा, बांधकामाच्या आड येत नसतील तर ऐकतात लोक. आणि तुमच्या ले-आउटची खरी ओपन स्पेस कुठे आहे ते शोधा, बहुधा कुठेतरी असणार, कुणाच्या तरी गोठ्याखाली नाहीतर वाळूच्या ढिगाऱ्याखाली.

प्रश्न : आमच्या कॉलनीतली बाग वाचवायची म्हणून काही मंडळींनी सुचवलंय की तिथे छोटं गणपतीचं मंदिर बांधू, मग कोणाची हात लावायची हिंमत होणार नाही. काही म्हणतात त्यापेक्षा आमदार फंडातून सभामंडप नि व्यायामशाळा करू. तुमचं मत?

उत्तर : बाग वाचवायची आहे का घालवायची आहे ते आधी ठरवा. सांगलीत गणपती कोणाला नको, पण ओपन स्पेसवर विनापरवाना मंदिर म्हणजे कायद्याने अतिक्रमण, सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही असा सुप्रीम कोर्टाचा २००९ चा आदेश आहे. जो बिल्डर आज चोर आहे त्याच्या वकिलाच्या हातात तुम्हीच कोलीत देताय, तो उद्या कोर्टात म्हणेल बागेचा वापर तर ह्यांनीच बदलला.

सभामंडपाचं पण तेच. ओपन स्पेसवर नियमात बसेल असं थोडंसं बांधकाम करता येतं, वाचनालय, व्यायामशाळा वगैरे, पण परवानगी घेऊन आणि क्षेत्राच्या मर्यादेत. आपल्याकडे मर्यादा कोण बघतंय, आधी मंडप, मग मंडपाला स्वयंपाकाची शेड, मग लग्नाला भाड्याने, मग रात्री बारापर्यंत डीजे, आणि घसरगुंडी कुठे गेली तर शेडच्या मागे. विकली न जाता गेलेल्या बागा मी विकलेल्यांपेक्षा जास्त बघितल्यात. फंड मिळतच असेल तर कंपाउंड, दिवे, पाण्याची सोय आणि बोअर यासाठी मागा. आणि जमीन मोकळी ठेवायचं एक कारण सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, २०१९ चा महापूर ज्याने बघितलाय त्याला सिमेंटखाली पाणी मुरत नाही हे माहीत आहे. हेच वाक्य हरकतीत घाला.

प्रश्न : बागेत "ही जागा विक्रीस नाही" असा बोर्ड लावला तर चालेल का? कोणी तक्रार करेल का?

उत्तर : लावा की. पण नुसतं "विक्रीस नाही" लिहून काय उपयोग, तो तर धमकीचा बोर्ड झाला. मंजूर ले-आउट क्रमांक, दिनांक, सर्व्हे नंबर, खुली जागा इतके चौरस मीटर, आणि दावा चालू असेल तर दाव्याचा नंबर, एवढं लिहा, जागा बघायला आलेला माणूस फोटो काढून आपल्या वकिलाला पाठवतो आणि वकील बाकीचं बघतो. कोणाचं नाव, "भूमाफिया", "दलाल" असले शब्द अजिबात नको, बदनामीच्या नोटिसा घेऊन लोक माझ्याकडे येतात ते असल्या बोर्डांमुळेच. लोखंडी करा, फ्लेक्स नको, पहिल्या वळवाच्या पावसात फाटतो.